रेतीतला तारा आणि टाकीतलं गणित

समुद्राचा आणि आपल्या वऱ्हाडाचा संबंध काय, असं शीर्षक वाचून कुणालाही वाटेल. मुंबईचा समुद्र बडनेऱ्यापासून रेल्वेने सुमारे साडेसहाशे किलोमीटर दूर. आपल्याला तारामासा दिसतो तो एक तर बायोलॉजीच्या चार्टवर, नाही तर कोकण टूरहून कुणीतरी आणलेला, वाळून कडक झालेला, शोकेसमध्ये ठेवलेला. पण आता दिवस बदलले आहेत. समुद्राचं मीठ पाकिटात मिळतं. मासे प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसतात आणि सकाळी अकोल्याला, अमरावतीला उतरतात. ज्याच्याकडे पैसे आणि हौस आहे, तो आपल्या हॉलमध्ये छोटासा समुद्र उभा करू शकतो.

यंदा आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये असाच एक खाऱ्या पाण्याचा टॅंक बसवायचं चाललं आहे. सामानाची यादी नोटीस बोर्डवर लागली आहे: ४ फुटांची टाकी, पंप, लाईट, मीठ, रेती, क्लाउनफिशची जोडी, आणि अगदी शेवटच्या ओळीत ‘सॅंड सिफ्टिंग स्टारफिश, १ नग, रेती साफ करण्यासाठी’. या लेखाचा विषय ही शेवटची ओळ आहे. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं पान उलटलं तरी चालेल: ही ओळ खोडावी. का खोडावी, हे ज्यांना जाणून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी पुढचा सगळा खटाटोप.

मासा नसलेला तारामासा

नावात मासा असला तरी हा मासा नाही. याला कणा नाही, कल्ले नाहीत, खवले नाहीत, मेंदूसुद्धा नाही. शाळेत आम्ही याचा फायलम ‘इकायनोडर्माटा’ म्हणून घोकला आणि परीक्षा झाल्यावर विसरलो. मराठी मीडियममधून आलेल्या माझ्या रूममेटला मात्र तो अजून पाठ आहे, कारण तिच्या पुस्तकात त्याचं नाव होतं ‘कंटकचर्मी’, म्हणजे काट्यांच्या कातडीचा. नाव ऐकताच प्राणी डोळ्यासमोर उभा राहतो! ग्रीक शब्दाचा अर्थही नेमका हाच आहे, पण तो आम्हाला कुणी सांगितला नव्हता.

मेकॅनिकलवाल्यांना या प्राण्यात विशेष रस वाटायला हरकत नाही, कारण हा चालतो चक्क हायड्रॉलिक्सवर. त्याच्या अंगात पाण्याच्या नळ्यांचं जाळं असतं आणि खालच्या बाजूला शेकडो बारीक नळीसारखे पाय, म्हणजे नलिकापाद असतात. नळीत पाणी ढकललं की पाय लांब होतो, स्नायू आवळले की आखडतो. बहुतेक तारामाशांच्या नलिकापादांच्या टोकाला चकती असते, तिने ते खडकाला किंवा काचेला चिकटून वर चढतात.

रेतीत राहणारा तारामासा वेगळा. त्याच्या वंशाचं शास्त्रीय नाव ॲस्ट्रोपेक्टेन. याच्या नलिकापादांना चकती नसते, ते टोकदार असतात. काचेवर चढणं याला जमत नाही, पण रेतीत खड्डा करून अंग बुडवणं मात्र झकास जमतं. पाचही बाहूंच्या कडेने कंगव्यासारखे काटे असतात. ॲस्ट्रोपेक्टेन इंडिकस ही याची एक जात आपल्या भारताच्या किनाऱ्यांवर उथळ रेताड भागात राहते. एक्वेरियमच्या धंद्यात बहुधा विकली जाते ती ॲस्ट्रोपेक्टेन पॉलिअकॅन्थस, जी तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत पसरलेली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट: याचं जेवण. पुष्कळ तारामासे आपलं पोट तोंडातून बाहेर काढतात, शिंपल्यावर पसरतात आणि भक्ष्य बाहेरच पचवतात. ॲस्ट्रोपेक्टेन तसं करत नाही. तो लहान शिंपले, गोगलगाई, किडे, झिंग्यांच्या जातीचे बारीक जीव अख्खे गिळतो. अन्नमार्गाला मागचं दारच नसल्यामुळे रिकामे शंख-शिंपले पुन्हा तोंडातूनच बाहेर टाकतो. अभ्यासकांनी याचं पोट उघडलं की आत अख्खे बारीक शंख सापडतात. थोडक्यात काय, तर हा शिकारी आहे. रेती चाळतो ती शिकार शोधायला.

यादीत नाव लागलं म्हणून मी एका दुकानदार काकांना मुद्दाम विचारलं, “काका, हा खातो काय?” ते म्हणाले, “काई नाई ताई, रेतीतला कचरा खाते थो. त्याले खायाले घालाचं टेन्शनच नाई!” काका काही फसवत नव्हते. त्यांनाही वरच्या व्यापाऱ्याने हेच सांगितलं असणार. ‘रेती साफ करणारा’ हे नावच असं आहे की पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही.

रेतीत असतं तरी काय?

आपल्याकडे रेती म्हटली की बांधकाम आठवतं. पण समुद्री टाकीतली रेती म्हणजे एक चालू कारखाना आहे. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो, जो माशांना विषारी. एका प्रकारचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. ही दोन्ही कामं ऑक्सिजन असलेल्या वरच्या थरात चालतात. रेतीचा थर पुरेसा जाड असेल तर खाली ऑक्सिजन पोचत नाही, आणि तिथले वेगळे बॅक्टेरिया नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून साधा नायट्रोजन वायू मोकळा करतात. तो बुडबुड्यांनी निघून जातो. सिव्हिलवाल्यांनी सांडपाणी प्रक्रियेत हेच नायट्रिफिकेशन-डिनायट्रिफिकेशन शिकलेलं आहे.

पण हा कारखाना एकट्या बॅक्टेरियांवर चालत नाही. रेतीत केसाएवढे किडे असतात, ॲम्फिपॉड आणि कोपेपॉड नावाचे टिकलीपेक्षा लहान जीव असतात, छोट्या गोगलगाई असतात. ते मोठा कचरा खाऊन त्याचे बारीक तुकडे करतात, बिळं करून रेती हलती ठेवतात, पाणी आत खेळवतात. ते नसले की रेती घट्ट बसते, गोळे होतात, कचरा कोपऱ्यात साठत जातो. रॉनल्ड शिमेक नावाच्या अमेरिकन सागरी जीवशास्त्रज्ञांनी हौशी लोकांना वर्षानुवर्षे हेच समजावलं, की रेतीची किंमत तिच्यातल्या जिवांमुळे आहे.

आणि हेच जीव आपल्या तारामाशाचं जेवण!

म्हणजे होतं असं. तारामासा टाकीत सोडला की पहिले काही आठवडे रेती खरंच पांढरीशुभ्र दिसते. तो वरचा थर उलथापालथा करतो, त्यामुळे वर साचलेला तपकिरी शेवाळाचा पापुद्रा खाली गाडला जातो. मालक खूष. आत मात्र कचरा खाणारे एकेक करून संपत असतात. समजा, मेसमध्ये एक नवा माणूस ठेवला. त्याने टेबलं चकचकीत पुसली, पण आतल्या भांडी घासणाऱ्या मावशींना एकेक करून घरी पाठवलं. महिनाभराने मेसची काय अवस्था होईल, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको.

थोडं गणित

आता कुणी म्हणेल, समुद्रातही हा तेच खातो ना? मग तिथली रेती कशी संपत नाही? प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर क्षेत्रफळात आहे.

आमच्या प्रस्तावित टाकीची लांबी ४ फूट, रुंदी दीड फूट. तळ ६ चौरस फूट, म्हणजे सुमारे ५,६०० चौरस सेंटिमीटर. त्यातला अर्धा भाग दगडांखाली गेला असं धरू. उरली २,८०० चौरस सेंटिमीटर मोकळी रेती. तारामासा १० सेंटिमीटर रुंदीचा आणि त्याचा वेग मिनिटाला फक्त २ सेंटिमीटर धरू. तासाला तो १२० सेंटिमीटर जाईल आणि १,२०० चौरस सेंटिमीटर रेती चाळेल. म्हणजे सगळी मोकळी रेती चाळायला अडीच तासही नकोत. रात्रीचे ६ तास फिरला तर तीच रेती एका रात्रीत अडीच वेळा चाळून होते. दुसऱ्या रात्री पुन्हा तीच. तिसऱ्या रात्री पुन्हा तीच.

बकरी मोकळी सोडली तर रान उजाड होत नाही, कारण ती पुढे सरकत जाते आणि मागचं गवत पुन्हा फुटतं. तीच बकरी खुंट्याला बांधली तर दोराच्या लांबीएवढं वर्तुळ चार दिवसांत मातीला लागतं. किनाऱ्यावरचा तारामासा मोकळी बकरी आहे. मागे राहिलेल्या रेतीत भरतीच्या पाण्याबरोबर शिंपल्यांची आणि किड्यांची नवी पिल्लं येत राहतात, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती दिवसातून दोनदा येते. टाकीत भरती येत नाही.

आता एम-थ्रीमधलं लॉजिस्टिक समीकरण आठवा. कुठल्याही जागेत जिवांची वाढ त्यांच्या संख्येवर आणि जागेच्या क्षमतेवर अवलंबून असते. जागा भरलेली असली तर वाढ शून्य, संख्या क्षमतेच्या निम्मी असली तर वाढ सर्वांत जास्त. ही जास्तीत जास्त वाढ म्हणजे वाढीचा दर गुणिले क्षमता भागिले ४. रोज त्याहून जास्त काढलं तर साठा संपणार, हे डेरिव्हेशन सगळ्यांनी केलेलं आहे.

आकडे घालून बघू. हे आकडे मी नुसते उदाहरणासाठी धरले आहेत, मोजलेले नाहीत. समजा आमच्या रेतीची क्षमता ४,००० जीव आणि वाढीचा दर दिवसाला २ टक्के. जास्तीत जास्त वाढ झाली ०.०२ × ४,००० ÷ ४ = २० जीव रोज. तारामासा रोज ४० खातो असं धरलं तर रोज किमान २० ची तूट. वाढ अजिबात झाली नाही तर साठा १०० दिवसांत संपेल. वाढ रोज जास्तीत जास्त झाली, तरी २०० दिवसांत संपेल. म्हणजे सव्वातीन ते साडेसहा महिन्यांच्या मध्ये कुठेतरी कारखाना बंद! आकडे बदला, दिवस बदलतील. पण तूट आहे तोवर शेवट बदलत नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. क्षमता क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, तारामाशाची भूक मात्र तेवढीच राहते. त्यामुळे प्रश्न ‘हा चांगला की वाईट’ असा नाहीच. प्रश्न एका तारामाशामागे किती चौरस फूट जिवंत रेती, असा आहे. ६ चौरस फुटांत हे गणित बसत नाही.

उपासमार दिसत का नाही?

मांजर चार दिवस उपाशी राहिली तर ओरडून हॉस्टेल डोक्यावर घेईल. तारामासा ओरडत नाही. त्याची जगण्याची गती मंद असते. अन्न संपलं की तो स्वतःच्याच शरीरातला साठा वापरतो आणि हळूहळू लहान होत जातो. बाहू बारीक पडतात, टोकं झिजतात, शेवटी शेवटी अंग गळून पडायला लागतं. याला काही महिने लागू शकतात. तोवर मालक म्हणत असतो, “अहो, सहा महिने झाले, मस्त आहे आमचा स्टार!” तो सहा महिने जगला असं आपण म्हणतो. त्यातले शेवटचे कित्येक आठवडे तो मरत होता, हे आपल्या लक्षात येत नाही.

शिवाय हा दिवसा रेतीखाली असतो. मेला तरी तिथेच. कुजून त्याचा अमोनिया पाण्यात उतरतो आणि वरची क्लाउनफिशची जोडी विनाकारण धापा टाकायला लागते. तेव्हा कुठे आपण रेती उकरतो.

भारतातल्या टाकीची वेगळी अडचण

परदेशी पुस्तकांत ‘रीफ टॅंक’ म्हणून जी टाकी दाखवतात तिच्यात जिवंत प्रवाळ आणि समुद्रातून काढलेला ‘लाईव्ह रॉक’ असतो. त्या दगडाबरोबर हजारो बारीक जीव टाकीत येतात आणि तिथून रेतीत उतरतात. आपल्याकडे हा रस्ता मोकळा नाही, आणि नसणंच योग्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, सी फॅन, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांची भर घालण्यात आली. ज्या अनुसूचीत वाघ, तिच्यातच प्रवाळ! आपले मेळघाटवाले वाघाबद्दल जागरूक असतात, पण प्रवाळाचा तुकडा टूरहून आणताना तोच कायदा आपल्याला आठवत नाही. महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य म्हणून राखीव आहे.

म्हणजे आपली कायदेशीर टाकी ही कोरडे किंवा सिरॅमिकचे दगड आणि धुतलेली कोरडी रेती यांचीच असणार. बॅक्टेरिया तिच्यात काही आठवड्यांत वस्तीला येतात. किडे आणि बारीक शिंपले मात्र आपोआप उगवत नाहीत. मग तारामाशाला खायला काय? पहिल्या दिवसापासून जवळजवळ काहीच नाही. वरच्या गणितात आपण ४,००० जीव धरले होते. कोरड्या रेतीत सुरुवातच शंभर-दोनशेवर झाली तर रोजच्या ४० च्या हिशेबाने आठवडाही पुरणार नाही. परदेशात जी टाकी त्याला काही महिने पुरते, ती आपल्याकडे काही दिवसांत रिकामी होते.

खारं पाणी आणि आपलं ऊन

माझी रूममेट दर्यापूरची. टाकीसाठी मीठ विकत घ्यायचं ऐकून ती म्हणाली, “काहून वं? आमच्या विहिरीचं पानी खारंच हाये, थेच भर ना टाकीत!” तिचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे आणि तिथलं भूजल खरोखर खारट आहे. लोणारचं सरोवर तर खारं आणि अल्कधर्मी दोन्ही. पण प्रत्येक खारं पाणी समुद्राचं नसतं. समुद्राच्या एका किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात: क्लोराइड १९ ग्रॅमच्या वर, सोडियम पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४. चॅलेंजर जहाजाने जगभरातून आणलेले ७७ नमुने तपासून विल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये दाखवलं, की मोकळ्या समुद्रात क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच असतं. आपल्या विहिरीत हे प्रमाण नसतं. एकूण क्षारही समुद्राच्या मानाने पुष्कळच कमी.

मासा आपल्या शरीरातले क्षार थोडेफार सांभाळू शकतो. कंटकचर्मींना ते जमत नाही. त्यांच्या अंगातलं पाणी आणि बाहेरचं पाणी यांची क्षारता सारखीच राहते. बाहेर बदल झाला की तो थेट आत. म्हणून मुंबईहून पिशवीत आलेला तारामासा टाकीत धपकन सोडला तर तिथेच निम्मा संपतो. त्याला थेंबाथेंबाने टाकीचं पाणी देत काही तास सवय करावी लागते.

आता आपला उन्हाळा. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, हे कुणाला सांगायला नको. समुद्री टाकी २४ ते २७ अंशांत राहायला हवी. इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: आपली हवा कोरडी. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब तापमान सुमारे २३ अंश येतं. म्हणूनच आपल्याकडे डेझर्ट कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही. टाकीच्या पाण्यावर साधा पंखा मारला तरी पाणी बरंच थंड होतं.

पण थंडावा फुकट नसतो, तो पाणी उडवून मिळतो. टाकीत २०० लिटर पाणी आहे आणि रोज ६ लिटर उडतं असं समजा. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ३५ ची क्षारता दुसऱ्या दिवशी ३६ च्या वर. तीन दिवसांच्या सुट्टीत सगळे गावी गेले, कुणी पाणी घातलं नाही, तर १८ लिटर कमी होऊन क्षारता साडेअडतीसवर. मासे कदाचित निभावतील. तारामासा नाही. (आणि भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, मिठाच्या पाण्याची नव्हे. ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा!) त्यात लाईट गेली की पंप बंद. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे ऑक्सिजन मावतो पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास, ३२ अंशांना जेमतेम ६. म्हणजे ज्या दिवशी गरज जास्त, त्याच दिवशी पुरवठा कमी.

दुसरी बाजू

एकतर्फी लिहिणं बरोबर नाही, म्हणून विरुद्ध बाजूही मांडते. तारामाशाला हाताने भरवता येतं. शिंपल्याच्या मांसाचा किंवा झिंग्याचा छोटा तुकडा चिमट्याने त्याच्या अंगाखाली सरकवला तर तो खातो. काही लोक हे आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने करतात आणि त्यांचा तारामासा टिकतोही. मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयात, जिथे तळ मोठा असतो आणि खाऊ घालायला पगारी माणूस असतो, तिथे याला ठेवणं शक्य आहे. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयासारख्या, १९५१ साली सुरू झालेल्या संस्थेमुळे महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी समुद्री जीव पहिल्यांदा पाहिले, हेही खरं.

पण मग त्याला पाळीव प्राणी म्हणून आणा, सफाई कामगार म्हणून नको. ज्याला आठवड्यातून तीनदा चिमट्याने भरवायचं, तो ‘रेती साफ करण्यासाठी’ कसा? उलट त्याच्या जेवणाचा कचरा आपल्यालाच काढावा लागणार. आणि परीक्षेच्या काळात, पीएलमध्ये, मे महिन्याच्या सुट्टीत त्याला कोण भरवणार, हे आधी लिहून द्या. हॉस्टेलमध्ये तुळशीच्या कुंडीला पाणी घालायलासुद्धा आपली पाळी ठरत नाही!

मग रेती कोण साफ करणार?

समितीपुढे मी तीन पर्याय ठेवते आहे.

पहिला: रेतीचा थर एक इंचाच्या आतच ठेवा आणि दर आठवड्याला पाणी बदलताना पाईपने सायफन करा. सायफन आपण सगळे जाणतो, पेट्रोल काढताना वापरतो. जाड थराचा डिनायट्रिफिकेशनचा फायदा मिळणार नाही, पण ज्या थरात जीवच नाहीत तो जाड ठेवून उपयोगही नाही.

दुसरा: नासारियस जातीच्या लहान गोगलगाई. या मेलेलं आणि उरलेलं खातात, जिवंत जिवांची शिकार करत नाहीत. दिवसभर रेतीत सोंड तेवढी वर काढून बसतात आणि खाण्याचा वास आला की भुतासारख्या बाहेर येतात. रेती हलवण्याचं काम यांच्याकडून होतं. पाच-सहा पुरे. दुकानदार पंचवीस घ्या म्हणेल, घेऊ नका.

तिसरा आणि सर्वांत स्वस्त: माशांना कमी खाऊ घाला. टाकीतला बहुतेक कचरा वरून आपणच टाकलेला असतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण चिमूटभर दाणे टाकणार असेल तर दहा तारामासे आणूनही रेती साफ होणार नाही. डब्याला कुलूप लावा, किल्ली एकाकडे द्या.

समुद्रकाकडी हा चौथा पर्याय परदेशी पुस्तकांत भेटेल. ती खरोखर रेतीतला कचरा खाते. पण वर सांगितल्याप्रमाणे ती आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे. तेव्हा तिचं नावही काढू नका.

या बदलाने यादीतला एक नग कमी होईल आणि थोडे पैसेही वाचतील. त्यातून क्षारता मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर आणि लाईट गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप घ्यावा. क्लाउनफिशची जोडी दुवा देईल.

आणि ज्यांना हा प्राणी बघायचाच आहे, त्यांच्यासाठी. डिसेंबरमध्ये कोकणची टूर निघते. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची तारीख धरा, तेव्हा ओहोटी सर्वांत खोल असते. पहाटे पाणी मागे गेल्यावर ओल्या रेतीत पाच टोकांचा ठसा दिसतो का ते शोधा. दिसला तर बाजूची रेती बोटाने हळूच सरकवा. खाली तो असेल. दोन मिनिटं बघा, फोटो काढा, पण बाटलीत भरू नका. रेती पुन्हा त्याच्यावर लोटा आणि पुढे चला. भरती आली की त्याच्या ताटात वाढायला समुद्र आहेच.